आधी मी बघते

आमच्या घरात सिनेमाच्या बाबतीत एकच कायदा आहे: आधी मी बघते. लेक पंधरा वर्षांची झाल्यापासून तिला तो जुनाट वाटतो. त्यामुळे परवा तिने आपणहून विचारलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. "शुक्रवारी मैत्रिणी राहायला येतायत. 'द ब्लॅकनिंग' लावू?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "हो, आर आहे. हो, तू आधी बघ."

आम्ही राहतो त्या अमेरिकेत आर म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांना थिएटरात मोठ्या माणसाशिवाय सोडत नाहीत. घरात मोठं माणूस मीच. तेव्हा बुधवारी रात्री मटकी फडक्यात बांधली, नवरा ऑफिसच्या कॉलवर कुणाला तरी 'येस येस' करत होता, आणि मी कानात हेडफोन घालून बसले.

सिनेमा २०२३ च्या जूनमध्ये थिएटरात आला, दिग्दर्शक टिम स्टोरी. ट्रेसी ऑलिव्हर आणि ड्वेन पर्किन्स यांनी तो लिहिला आहे, आणि पर्किन्स त्यात कामही करतो. कॉलेजचे जुने दोस्त, सगळे ब्लॅक, दहा वर्षांनी जंगलातल्या एका घरात सुट्टीला जमतात. घरात एक खोली, खोलीत एक पट मांडलेला, पटाच्या मधोमध एक बोलणारं तोंड. ते प्रश्न विचारतं. उत्तर चुकलं तर ओलीस धरलेली मैत्रीण मरणार. अमेरिकी भयपटात ब्लॅक पात्र सगळ्यांत आधी मरतं ही तिथली जुनी थट्टा आहे. इथे सगळेच ब्लॅक, मग आधी मरायचं कुणी? पोस्टरवरही साधारण हेच लिहिलं होतं: आपण सगळेच काही आधी मरू शकत नाही.

ज्या आयाबापांना फक्त 'दाखवू की नको' एवढंच हवंय, त्यांच्यासाठी ते उरकून टाकते. रक्त आहे, पण ज्या मुलांनी हल्लीच्या मालिका पाहिल्यात त्यांची झोप उडेल इतकं नाही. मुखवटा घातलेला खुनी धनुष्यासारख्या यंत्रातून बाण मारतो, ते एकदोनदा अंगावर येतं. दारू आहे, गांजा आहे, नशेच्या गोळ्या आहेत, आणि त्यांचा विनोद केलाय, म्हणजे 'बघा, वाईट परिणाम' असं कुणी बजावत नाही. शरीरसंबंधांबद्दल बोलणं भरपूर, दाखवणं जवळजवळ नाही. एक पात्र गे आहे आणि ते कथेत इतकं सहज आहे की त्याचं वेगळं सांगायलाही नको. पण फोनवर मला एका मैत्रिणीने तेच पहिलं विचारलं म्हणून लिहिलं. शिव्या मात्र पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत. त्यात 'एन'ने सुरू होणारा, ब्लॅक लोकांना शिवी म्हणून दिला जाणारा तो शब्दही आहे. ती माणसं तो आपसात, लाडाने, रागाने, सवयीने वापरतात. आपली मुलं रॅप ऐकून ऐकून तो गुणगुणायला लागतात आणि आपल्याला पत्ता नसतो. तो शब्द आपल्या तोंडचा नाही, गाण्यातसुद्धा नाही, एवढं आमच्या घरी सांगून झालंय. तुमच्याकडे नसेल तर सिनेमा लावायच्या आधी सांगा, मध्ये थांबवून नको.

हे झालं. खरी अडचण त्या पटावरच्या तोंडाची.

काळंकुळकुळीत प्लास्टिकचं डोकं, पांढरेशुभ्र वटारलेले डोळे, आणि लालबुंद ओठ, ओठांच्या मूळ रेषेबाहेर कितीतरी पसरलेले. आमच्या पिढीने तात्या विंचू बघितलाय. १९९३ साली 'झपाटलेला' आला तेव्हा मी तेरा वर्षांची होते, साताऱ्याजवळच्या आमच्या गावी व्हिडिओ आणून पाहिला, आणि महिनाभर बाहुल्यांकडे पाठ करून झोपले. त्यामुळे खेळण्यातलं डोकं बोलायला लागलं की माझं मन थेट 'ओम फट् स्वाहा'वर जातं. मला हसू आलं. एकटी होते, कुणी पाहिलं नाही.

गुरुवारी लेकीबरोबर पुन्हा पाहिला. तोंड बोललं, मी हसले, तिने सिनेमा थांबवला.

"तुला तो चेहरा फनी वाटला?"

"नाही गं, मला तात्या विंचू..."

"आई, त्या खोलीत कुणी हसतंय का बघ."

खरंच कुणी हसत नव्हतं. ती सगळी माणसं, दीड तास एकमेकांची टोपी उडवणारी, त्या चेहऱ्यासमोर अशी उभी राहतात की कुणीतरी घरातल्या मयताचा फोटो काढून समोर ठेवलाय. विनोद सगळा त्याच्या आजूबाजूला आहे, चेहऱ्यात नाही. ही गोष्ट माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला कळली आणि मला, पंचेचाळिशीच्या बाईला, दोनदा बघूनही कळली नव्हती.

मग ती उठली, टीव्हीखालच्या फडताळातून जुना अल्बम काढला आणि एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवला. तो फोटो तिला लहानपणापासून माहीत. मी चौथीत, १९८९ चं गॅदरिंग. आम्ही आठ जणींनी 'आफ्रिकन डान्स' केला होता. झिंगालाला हुर्र, एवढेच शब्द. कमरेला अशोकाच्या पानांचा घेर, हातात काठ्यांचे भाले, अंगाला आणि तोंडाला चुलीची काजळी खोबरेलात कालवून. डोळ्यांभोवती बाईंनी पांढऱ्या रंगाची कडी काढली होती आणि लिपस्टिक, जी घरी कुणाच्याच आईकडे नव्हती, ती ओठांबाहेर बोटभर फासली होती. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं. तो डबा अजून आईकडे आहे, त्यात ती हिंग ठेवते.

लेकीने स्क्रीनवरचं तोंड थांबवून ठेवलं होतं. फोटो त्याच्या खाली. ओठ तेच. डोळ्यांची कडी तीच.

बाईंना तो चेहरा कुठून मिळाला, हे मी दोन दिवस डोक्यात घोळवतेय. बाई चांगल्या होत्या; माझी फी एकदा त्यांनीच भरली होती. त्यांनी आयुष्यात आफ्रिकी माणूस पाहिला नव्हता आणि अमेरिका नकाशातच. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ सगळ्यांच्या घरी होता, त्याच्या अवतीभवतीची जंगलातली माणसं होती, मँड्रेकचा तो धिप्पाड लोथार होता. कुठल्या तरी हिंदी सिनेमात चिंध्या नेसून नाचणारे 'जंगली' होते. बाईंना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

चेहरा मात्र फार लांबून आलेला. १८३० च्या दशकात थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला जळकं बूच फासून 'जिम क्रो' नावाच्या गुलामाची नक्कल करत नाचायचा. लोकांना ते इतकं आवडलं की तशा नकलांचे फड अमेरिकाभर फिरायला लागले. पुढे गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना जे नाव पडलं तेही जिम क्रोच. जळकं बूच आणि चुलीची काजळी. मधे दीडशे वर्षं आणि दोन महासागर.

आणि सँबो? सिनेमातला तो चेहरा ज्या जातकुळीतला, तिला इंग्रजीत सँबो म्हणतात. शिवी म्हणून ते नाव जुनंच, पण जगभरच्या पोरांच्या तोंडी ते गेलं एका चिमुकल्या पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक लिहिलं गेलं आपल्याकडे. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई लष्करी डॉक्टराची बायको म्हणून मद्रासला राहत होती. आपल्या मुलींसाठी तिने गोष्ट रचली, चित्रंही स्वतःच काढली, आणि १८९९ मध्ये ते पुस्तक लंडनला छापलं गेलं, हक्क पाच पौंडांना विकून. गोष्टीत वाघ आहेत. वाघ एकमेकांच्या शेपट्या धरून झाडाभोवती इतके गरागरा फिरतात की वितळून त्यांचं तूप होतं. हो, चक्क तूप. पुस्तकात वितळलेलं लोणी म्हणून पुढे कंसात 'घी' हा शब्दही आहे. गोष्टीतलं पोर म्हणजे सँबो; त्याची आई त्या तुपात धिरडी करते. हेलनचा नवरा पुढे परळच्या प्लेगच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला, म्हणजे आजची हाफकिन. मी परळला दोन वर्षं नोकरी केलीय. त्या भिंतीवरून रोज बस जायची.

बाईच्या मनात वाईट काही असेल असं नाही. पण अमेरिकेत त्या पुस्तकाच्या वाटेल तशा आवृत्त्या निघाल्या, आणि तिथल्या चित्रकारांनी त्या पोराला नकलांच्या फडातलेच ओठ आणि डोळे चिकटवले. तूप खाणारं मद्रासी वळणाचं पोर तिकडे जाऊन शिवी होऊन बसलं.

मी हे सगळं लेकीला उत्साहाने सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके. पण तू का हसलीस?"

पुढे बघू, म्हटलं.

सिनेमातली सुट्टी साधीसुधी नाही, जूनटीन्थची आहे. १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला लष्कराने जाहीर केलं की गुलाम मुक्त झाले. लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासपर्यंत अंमल पोचायला अडीच वर्षं लागली. २०२१ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे, नवऱ्याच्या ऑफिसलाही असते, आणि आमच्या ओळखीतले बहुतेक मराठी लोक त्या दिवशी गवत कापतात. आम्हीही. गॅल्व्हेस्टननंतर आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी निग्रोंच्या गुलामीविरुद्ध स्वार्थ सोडून काम केलं. 'गुलामगिरी'चं साल मी शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं होतं. अर्पणपत्रिका कुणी वाचून दाखवली नाही. कदाचित काजळी फासून नाचलो त्याच शाळेत, त्याच वर्षी.

आपल्या भाषेचीही एक गंमत आहे. आमच्याकडे काळे हे आडनाव आहे आणि गोरेही. लेक पाच वर्षांची असताना कुणीतरी गाडीत हळूच म्हणालं, "तिकडे घर नका घेऊ, काळे फार आहेत," तर ती म्हणाली, "काळेकाका?" सगळे इतके हसले की विषय तिथेच संपला. किती सोयीचं झालं ते. पोरं मोठी झाली, मराठी कळायला लागलं, तसं आम्ही 'काळे' सोडून 'ते लोक' म्हणायला लागलो. शब्द बदलला, घर घ्यायचा नकाशा तोच राहिला.

आता त्या प्रसंगाकडे येते ज्यासाठी मी हा सिनेमा मुलांना दाखवायच्या बाजूची आहे. इथून पुढे सिनेमातलं गुपित फुटणार, ज्यांना नकोय त्यांनी खालचे काही परिच्छेद सोडून द्यावेत.

तोंड सांगतं: तुमच्यातला सगळ्यांत जास्त ब्लॅक कोण, तो माझ्या हवाली करा. आणि ही माणसं, जी एरवी 'आम्ही अस्सल' म्हणून मिरवतात, आपण कसे कमी ब्लॅक आहोत हे सिद्ध करायला लागतात. एकीचा बाप गोरा. एकाची बायको गोरी. क्लिफ्टन नावाचा चष्मेवाला, जरा ओशाळवाणा गडी सांगतो की आपण ट्रम्पला मत दिलं. दोनदा. झालं, सगळ्यांचं एकमत, त्यालाच बाहेर ढकलतात! तर्क उलटा, पण राग खरा.

इथे मी हसले नाही, कारण मी लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती हसत होती आणि मग एकदम थांबली.

"मला मिडल स्कूलमध्ये कोकोनट म्हणायचे," ती म्हणाली. "बाहेरून ब्राउन, आतून व्हाइट. इंडियन मुलंच म्हणायची. मी गरब्याला यायची नाही म्हणून."

तीन वर्षं हे मला माहीत नव्हतं. गरबा आपला कुठे, आपलं भोंडला, असं काहीतरी मी बोलणार होते. बरं झालं, नाही बोलले.

शेवटी कळतं की सगळ्यामागे क्लिफ्टनच आहे. दहा वर्षांपूर्वी अशाच सुट्टीला त्याला पत्त्यांचा एक डाव नीट खेळता आला नाही. स्पेड्स नावाचा डाव, त्यांच्यात घरोघरी खेळला जाणारा. दोस्तांनी चेष्टा केली, तुझं ब्लॅक असण्याचं कार्ड रद्द म्हणाले. तो भरपूर प्यायला, गाडी चालवली, एक बाई मेली, हा तुरुंगात गेला. दोस्तांना तो डाव आठवतही नाही.

नवरा एव्हाना कॉल संपवून ओट्याशी उभा राहून चहा पीत बघत होता. म्हणाला, "म्हणजे पत्ते येत नाहीत म्हणून वाळीत टाकला."

"मजा केली रे त्यांनी."

"मजाच असते ती," तो म्हणाला. तो परभणीचा. पुण्यात हॉस्टेलला पहिल्या दिवशी त्याने 'पानी कुठंय' विचारलं आणि पुढची चार वर्षं त्याचं नाव पानी होतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याचे दोस्त 'पानी, पाणी वाढ' ओरडत होते आणि मी, सातारची असून, 'ण' नीट येतो म्हणून, खदाखदा हसले होते. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत ते आहे. त्याने कप विसळला आणि झोपायला गेला.

लेकीला एवढंच वाटलं की खुनी कुणीतरी गोरा निघायला हवा होता. सिनेमात रेंजर व्हाइट नावाचा वनाधिकारी आहे, गोरा, नावासकट, आणि प्रेक्षक सगळा वेळ त्याच्याकडे बोट दाखवत बसतात. मला वाटतं लेखकांनी ते बोट मुद्दाम दाखवायला लावलं. पण तिचं म्हणणंही मी खोडलं नाही. पटावरचं ते तोंड क्लिफ्टनने बनवलं असेल, तो चेहरा काही त्याने शोधून काढला नव्हता.

राहिला प्रश्न शुक्रवारचा. पाच मुली: आमची, एक गुजराती, एक चिनी, एक इटालियन आजोबांची, आणि एक ब्लॅक. बाकीच्यांच्या आयांना मी मेसेज केला. पाचवीच्या आईला फोन केला. का, ते माझं मलाच विचारते. फोन करण्याआधी तीन वाक्यं कागदावर लिहून घेतली होती, 'सेन्सिटिव्ह' हा शब्द त्यात दोनदा.

त्या बाई आधी खूप हसल्या. "आम्ही थिएटरात बघितलाय, सासूबाईंसकट. त्या तर 'फ्रेंड्स'च्या प्रश्नाला मोठ्याने ओरडत होत्या." ('फ्रेंड्स' मालिकेत पाहुणे म्हणून आलेले पाच ब्लॅक कलाकार सांगा, असा तो प्रश्न आहे. ज्याने ती मालिका न्यूयॉर्क समजून पाहिलीय, त्याने एकदा आठवून बघावं.) मग जरा थांबून म्हणाल्या, "एक सांगू? तुमच्या मुलींना एखादा विनोद नाही कळला तर नाही कळू दे. माझ्या मुलीकडे वळून कुणी विचारू नये, हे फनी का आहे म्हणून. शाळेत ती ते रोज करते. शुक्रवारी तिला फक्त सिनेमा बघू दे."

मी कागदावरच्या तिन्ही वाक्यांवर रेघ मारली आणि लेकीला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "ऑफ कोर्स, आई," म्हणजे तिला ते आधीच माहीत होतं.

रात्री साडेदहाला चिवड्याचा डबा घेऊन मी बेसमेंटच्या जिन्यावर पोचले आणि थांबले. खालून ते तोंड बोलत होतं. कुणीच हसलं नाही. थोड्या वेळाने एक जण फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळ्या, अशा की उशी की कायसं खाली पडलं. पहिली कोण, ते आवाजावरून ओळखायचा मी प्रयत्न केला आणि मग माझी मलाच लाज वाटली. डबा पायरीवर ठेवून वर आले.

सकाळी लेक स्वयंपाकघरात आली, केस विस्कटलेले, एका पायात मोजा.

"आई, टीव्हीखाली अल्बम नाहीये."

"कपाटात आहे."

"कुठल्या?"

"माझ्या. साड्यांच्या खाली."

"तू लपवलास?"

मी पोहे भिजवत होते. "हो," म्हटलं.

तिने चाळणीतले चार पोहे उचलून तोंडात टाकले. मग खाली तोंड करून, कुणाकुणाला मिरची चालेल, असं इंग्रजीत ओरडली.